पाट्यांचे बुश पुन्हा पुन्हा का जातात : जुन्या जिप्सीच्या सस्पेन्शनची समस्या आणि तिचे निवारण

सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पलीकडे आमचे कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बाग, आहे. डांबरी रस्ता सुटल्यानंतर तिथपर्यंत जाणारी सुमारे तीन किलोमीटरची वाट जांभ्या दगडाच्या सड्यावरून (पठारावरून) उतरते, एक व्हाळ (ओढा) ओलांडते आणि माडा-पोफळींच्या सावलीत संपते. या वाटेवर साधी गाडी चालत नाही, म्हणून आम्ही १९९९ सालची मारुती जिप्सी किंग अजूनही सांभाळून ठेवलेली आहे. गाडीचे इंजिन उत्तम आहे, फोर-व्हील गिअर विनातक्रार लागतो. मात्र गेल्या तीन पावसाळ्यांत तिच्या पुढच्या पाट्यांचे (पोलादी पट्ट्या एकावर एक बांधून केलेल्या स्प्रिंगांचे) बुश, म्हणजे त्यांच्या टोकांतली रबरी नळकांडी, चार वेळा बदलावे लागले आणि चौथ्या वेळी मेन पाट्यालाच, म्हणजे त्यातल्या सर्वांत लांब मुख्य पट्टीलाच, तडा गेलेला आढळला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले की आम्ही दर वेळी झिजलेला भाग बदलत होतो, पण तो भाग कशामुळे झिजतो याचा शोध एकदाही घेतला नव्हता.

१९८५ साली बाजारात आलेल्या पहिल्या जिप्सीपासून, १९९६ साली आलेल्या १२९८ सीसीच्या जिप्सी किंगसह, शेवटच्या जिप्सीपर्यंत या गाडीला पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड अ‍ॅक्सल (दोन्ही चाके जोडणारा सलग दांडा) आणि पाट्यांचे स्प्रिंगच आहेत. जुन्या महिंद्रा जीपचीही रचना याच जातीची आहे, त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते थोड्याफार फरकाने त्या गाड्यांनाही लागू पडते. ज्यांच्या गाड्या कुळ्याहून दूधसागरपर्यंत नदीतून आणि दगडांतून रोज ये-जा करतात, त्यांना यातले बरेचसे अनुभवाने ठाऊक असेल. माझ्यासारखा जो गाडी आठवड्यातून दोनदा बाहेर काढतो आणि दुरुस्तीसाठी गॅरेजवर अवलंबून असतो, त्याच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

लक्षणे कोणत्या क्रमाने आली

चारही वेळा क्रम एकच होता. प्रथम खड्ड्यातून हळू जाताना पुढच्या डाव्या चाकाच्या बाजूने ‘टक्’ असा एकच कोरडा आवाज येऊ लागे. पंधरा-वीस दिवसांनी ब्रेक मारल्यावर गाडी किंचित डावीकडे ओढू लागे. त्यानंतर ताशी ५० ते ६० किलोमीटरच्या वेगाला, विशेषतः होंडा ते साखळी या सरळ पट्ट्यात, स्टिअरिंग हातात थरथरू लागे. बुश बदलले की तिन्ही लक्षणे नाहीशी होत आणि दोन-तीन महिन्यांत पुन्हा त्याच क्रमाने हजर होत.

या काळात मला मिळालेले सल्ले असे होते: बुश हलक्या दर्जाचे आहेत, रस्ताच तसा आहे, गाडी जुनी झाली आहे, अलाइनमेंट करून घ्या. अलाइनमेंट मी दोनदा करून घेतली. अखंड अ‍ॅक्सलच्या या गाडीत नेहमीच्या अलाइनमेंटमध्ये टो (पुढची चाके आत-बाहेर किती वळलेली असावीत ते) तेवढा बदलता येतो. अ‍ॅक्सलच मागे सरकला असेल तर टो कितीही नीट लावला तरी गाडी ओढायची ती ओढतेच. बुशही मी तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून आणले होते. तीनही एकाच मुदतीत गेले, आणि खरे म्हणजे तिथेच मला संशय यायला हवा होता.

खरे कारण कसे सापडले

डिचोली परिसरात ट्रकांचे पाटे बांधणारे एक वयस्क मेस्त आहेत. २०१२ साली खाणकाम थांबले त्याआधी खनिजाच्या ट्रकांचे पाटे बांधण्यातच त्यांचे दिवस जात. आता काम कमी आहे, पण हात तोच आहे. तडा गेलेला मेन पाटा आणि काढलेले जुने बुश मी त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी पाट्याकडे पाहिलेच नाही. प्रथम बुश उचलला, अंगठ्याने दाबला आणि तोच अंगठा माझ्यासमोर धरला. अंगठ्याला शाईसारखा काळा थर लागला होता.

“बाब, हा झिजलेला नाही, हा फुगलेला आहे. पावसाच्या अगोदर गाडीला खालून जळके ऑइल मारता काय?”

“दर मे महिन्यात मारतो, मेस्त. गंज लागू नये म्हणून.”

“आणि नट कुठे आवळले? चाके खाली असताना की गाडी वर टांगलेली असताना?”

गाडी लिफ्टवर असतानाच नट आवळल्याचे मी स्वतः पाहिले होते. एवढ्या दोन प्रश्नांत आमच्या तीन पावसाळ्यांच्या खर्चाचा उलगडा झाला. ही दोन्ही कारणे नीट समजून घेतल्याशिवाय पुढची दुरुस्ती करण्यात काही अर्थ नाही, म्हणून ती जरा विस्ताराने मांडतो.

गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि सत्तरीसारख्या घाटाच्या पायथ्याशी असलेल्या भागात त्याहून अधिक. चॅसी (गाडीचा लोखंडी सांगाडा) सडू नये म्हणून पावसाआधी सर्व्हिस स्टेशनवर गाडीच्या पोटाला इंजिनमधून काढलेले जुने ऑइल, अनेकदा डिझेल मिसळून, फवारण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. लोखंडाला त्यामुळे काही काळ संरक्षण मिळते हे खरे. मात्र पाट्यांचे सामान्य बुश नैसर्गिक रबराचे किंवा त्याच्या मिश्रणाचे असतात, आणि असे रबर खनिज तेल शोषून घेते. तेल शोषले की ते फुगते, मऊ पडते, त्याचा ताण धरण्याचा गुण जातो आणि थोड्याच दिवसांत ते कडेने पीठ मळल्यासारखे बाहेर येऊ लागते. पाट्यांची कुरकुर बंद व्हावी म्हणून पाट्यांच्या फटींत ऑइल सोडणारेही पुष्कळ आहेत. ते ऑइल पाट्यावरून ओघळत थेट डोळ्यात, म्हणजे पाट्याच्या टोकाच्या गोल वळशात, जाऊन बसते आणि बुश तिथेच असतो.

दुसरे कारण नट आवळण्याच्या वेळेचे आहे. पाट्याच्या डोळ्यातील रबरी बुश हा बिजागरीसारखा फिरणारा भाग नाही. नट पूर्ण आवळल्यावर रबर दोन्ही बाजूंनी घट्ट पकडले जाते आणि पाटा वर-खाली होतो तेव्हा ते रबर स्वतः पिळले जाऊन ती हालचाल सोसते. हालचाल थांबली की ते पूर्वस्थितीत येते. गाडी लिफ्टवर किंवा जॅकवर असताना अ‍ॅक्सल खाली लोंबतो आणि पाट्याचा बाक नेहमीपेक्षा जास्त असतो. त्या स्थितीत नट आवळले तर लोंबलेली स्थिती हीच रबराची विश्रांतीची स्थिती ठरते. गाडी जमिनीवर ठेवताच, एक मीटरही न चालता, रबर पिळलेल्या अवस्थेत उभे राहते, आणि पुढे प्रत्येक खड्ड्याला ते त्याच दिशेने आणखी पिळले जाते. तेलाने आधीच मऊ पडलेल्या रबराला हे किती दिवस सोसणार?

पुढचेच बुश आधी का जातात, याचेही उत्तर जिप्सीच्या रचनेत आहे. पुढच्या पाट्याचे मागचे टोक चॅसीला पक्के जोडलेले असते आणि शॅकल, म्हणजे पाट्याला लांब व्हायला वाव देणारी झुलत्या पट्ट्यांची जोडी, पुढच्या टोकाला असतो. चाक दगडावर चढताना पाटा सपाट होतो, सपाट होताना लांब होतो, आणि मागचे टोक पक्के असल्यामुळे अ‍ॅक्सल किंचित पुढे, म्हणजे दगडाच्या दिशेनेच, सरकू पाहतो. त्यामुळे दगडाचा धक्का मागच्या पक्क्या डोळ्यातील बुशावर सर्वांत जास्त बसतो. सड्यावरून उतरताना वेग कमी ठेवला तर या बुशाचे आयुष्य वाढते ते याच कारणाने.

बुश गेला तर आवाज येतो, पण मेन पाट्याला तडा का गेला? ती साखळी वेगळी आहे आणि अधिक धोक्याचीही आहे. अ‍ॅक्सल पाट्याला दोन यू-बोल्टांनी आवळलेला असतो. सगळे पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट मधून जातो आणि त्याचे डोके अ‍ॅक्सलवरच्या बैठकीच्या भोकात बसते. जागा ठरवणे एवढेच त्या बोल्टाचे काम. भार पेलण्याचे काम यू-बोल्टांच्या आवळणीचे. आमच्या गाडीचे यू-बोल्ट दर वेळी सोडून पुन्हा तेच लावले गेले होते. एकदा पूर्ण ताण घेतलेल्या यू-बोल्टाचे आटे ताणलेले असतात, ते दुसऱ्यांदा तेवढी पकड धरत नाहीत. शिवाय पाट्यांमधला गंज आणि रंग दबून बसला की थोड्याच किलोमीटरमध्ये पकड ढिली होते, आणि फिरून आवळायला गाडी कोणी नेत नाही; मीही नेली नव्हती. यू-बोल्ट ढिले झाले की ब्रेकचा आणि दगडाचा सगळा मार सेंटर बोल्टावर येतो. तो तुटला की अ‍ॅक्सलची ती बाजू मागे सरकते, डाव्या बाजूची चाकांमधली लांबी कमी होते, आणि म्हणून गाडी डावीकडे ओढते. मेन पाट्याचे सर्वांत कमजोर ठिकाणही तेच मधले भोक आहे. यू-बोल्टांच्या घट्ट पकडीत ते सुरक्षित असते, पकड सुटताच ते वाकू लागते आणि तडा तिथूनच सुरू होतो.

यात आणखी एका गोष्टीने भर घातली होती. पाट्यांना कडेने धरून ठेवणाऱ्या लोखंडी क्लिपा आमच्या डाव्या पाट्यावर उरल्याच नव्हत्या. गाडी दाबली जाते तेव्हा सगळे पाटे मिळून भार घेतात, पण उसळून वर जाते तेव्हा खालचे पाटे मेन पाट्यापासून सुटू पाहतात. क्लिपा असतील तर ते सोबत खेचले जातात, नसतील तर उसळीचा सगळा ताण एकटा मेन पाटा सोसतो. त्यात डावा शॉकअब (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) मेलेला, म्हणजे उसळी आवरणाराच नाही. क्लिपा ही अतिशय किरकोळ वस्तू दिसते आणि गॅरेजमध्ये पाटे खोलताना ती तुटली तर कोणी परत बसवत नाही. माझा आग्रह आहे की ती बसवल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये.

घरच्या घरी तपासणी

सुटे भाग विकत घेण्याआधी पुढील तपासणी करावी. तिला खर्च नाही.

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा. पुढच्या पाट्याच्या मागच्या पक्क्या बोल्टापासून चाकाच्या हबच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे. चाके अगदी सरळ असली पाहिजेत. आडव्या अंतराचा अंदाज डोळ्याने चुकतो, म्हणून मी चिरे लावणाऱ्या गवंड्याकडून ओळंबा मागून आणला, बोल्टावरून आणि हबवरून तो सोडून जमिनीवर खडूने खुणा केल्या आणि खुणांमधले अंतर मोजले. डावीकडे ते उजवीपेक्षा ११ मिलिमीटर कमी भरले. दोन-तीन मिलिमीटरचा फरक जुन्या गाडीत असू शकतो. ११ मिलिमीटरचा फरक म्हणजे अ‍ॅक्सल जागेवरून हललेला आहे, यात शंका उरत नाही.

त्यानंतर पाट्याच्या डोळ्यांभोवती आणि यू-बोल्टांखाली तांबडी पूड दिसते का ते पाहावे. इथे गोव्यात एक अडचण आहे: आपली मातीही तांबडी आणि गंजही तांबडा. ओल्या बोटावर पूड घेऊन दुसऱ्या बोटाने चोळावी. माती विरघळून तळव्यावर केशरी पसरते; गंजाची पूड कचकचते आणि काळपट तपकिरी रेघ सोडते. पाट्याच्या बैठकीखाली अशी पूड निघाली आणि तिच्या शेजारी लोखंड आरशासारखे चमकत असेल, तर तिथे दोन भाग एकमेकांवर घासत आहेत आणि यू-बोल्ट ढिले आहेत असे निश्चित समजावे.

शॉकअबची परीक्षा त्याहून सोपी आहे. खडबडीत वाटेवरून दहा-पंधरा मिनिटे गाडी चालवून थांबावे आणि चारही शॉकअबना जपून हात लावून पाहावा. काम करणारा शॉकअब उसळीची शक्ती उष्णतेत बदलतो, त्यामुळे तो कोमट ते चांगला गरम लागतो. जो थंड आहे तो काम करत नाही. आमचे तीन गरम होते आणि पुढचा डावा व्हाळाच्या पाण्यासारखा थंड होता, जरी त्यातून तेलाचा एक थेंबही गळत नव्हता. तेल गळत नाही म्हणजे शॉकअब चांगला आहे, हा समज सोडून द्यावा.

स्टिअरिंगच्या थरथरीसाठी मात्र केवळ पाट्यांना दोष देऊ नये. चाक उचलून वर आणि खाली धरून हलवले असता खेळ जाणवला, तर चाकाची बेअरिंग किंवा किंगपिनची (चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळते त्या खुंटीची) बेअरिंग तपासावी. ब्रेक दाबून ठेवल्यावरही खेळ तसाच राहिला तर दोष किंगपिनचा असण्याची शक्यता अधिक. टाय रॉडची (पुढच्या दोन चाकांना जोडणाऱ्या स्टिअरिंगच्या दांड्याची) टोकेही एकाला स्टिअरिंग हलवायला सांगून पाहून घ्यावीत.

दुरुस्ती

एक सूचना सर्वांत आधी. आपल्याकडे गाडीखाली टेकू म्हणून चिरे रचण्याची सवय आहे. चिरा भिंतीत कितीही मजबूत असला तरी तो सच्छिद्र दगड आहे. लोखंडाच्या अरुंद कडेखाली तो सूचना न देता दुभंगतो. चॅसीखाली लोखंडी घोड्याच लावाव्यात आणि अ‍ॅक्सलला वेगळा जॅक द्यावा, कारण पाटा सोडल्यावर अ‍ॅक्सल वर-खाली नेता आला पाहिजे.

जुने बोल्ट सुटत नाहीत हे गृहीत धरून आदल्या दोन दिवसांपासून त्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारत राहावे. तरीही पक्क्या टोकाचा बोल्ट आत धरून बसलेला असेल तर घण मारत बसू नये, त्याने चॅसीचा कान, म्हणजे बोल्ट धरणारा भाग, वाकतो. ग्राइंडरने दोन्ही बाजूंनी कापून काढणे श्रेयस्कर. मागच्या पाट्यांजवळ हे करताना पेट्रोलची टाकी जवळ आहे याचे भान ठेवावे आणि पाण्याची बादली नव्हे तर आग विझवण्याचा सिलिंडर हाताशी असावा.

पाटा उतरल्यावर डोळ्याची आतली बाजू, शॅकलच्या पट्ट्यांची भोके आणि चॅसीवरचे कान स्वच्छ करून पाहावेत. भोक लांबट झालेले असेल तर नवा बुशही त्यात तिरका बसतो, शॅकल बदलावा. कानाचे लोखंड छिन्नीने टोचल्यावर पापुद्रे निघत असतील तर बुशाचा विचार बाजूला ठेवून आधी तो कान नव्याने वेल्ड करून घ्यावा.

तडा गेलेल्या पाट्याला मात्र वेल्डिंग कदापि करू नये. पाट्याचे पोलाद अनेकदा सिलिको-मँगनीज जातीचे असते आणि त्याला लवचीकपणा येतो तो तापवून तेलात विझवण्याच्या आणि पुन्हा ठरावीक उष्णता देण्याच्या प्रक्रियेतून. वेल्डिंगची आच लागली की त्या जागेची ती अवस्था नष्ट होते आणि पाटा वेल्डच्या कडेलाच पुन्हा मोडतो, बहुधा घाटात. बसलेल्या पाट्यांना गॅसने लाल करून बाक देणेही त्याच कारणाने चूक. मेस्तांनी आमचे बाकीचे पाटे ऐरणीवर थंडच ठेवून, इंचाइंचाला घण मारत बाक दिला आणि मेन पाटा दोन्ही बाजूंचा नवा घातला. एकाच बाजूचा पाटा बदलला तर गाडी एका अंगावर उभी राहते, म्हणून खर्च दुप्पट झाला तरी दोन्ही बाजू एकत्रच कराव्यात. शॉकअबही तसेच जोडीने.

बुश बसवताना ग्रीस लावण्याचा मोह होतो. तिथे साबणाचे पाणी वापरावे, ते वाळून जाते आणि रबराला अपाय करत नाही. हातोडीने ठोकण्याऐवजी आट्यांची लांब सळई, दोन जाड वॉशर आणि दोन नट घेऊन बुश सावकाश आत ओढून घ्यावा. ज्या बुशांत आत लोखंडी नळी असते त्यांचे नट आवळल्यावर ती नळीच पकडली जाते. ज्यांत पिन थेट रबरातून जाते, त्यांची पिन पॉलिश कागदाने गुळगुळीत केल्याशिवाय घालू नये, कारण गंजाची कड रबर आतून कापते.

सेंटर बोल्ट नवा आणि पोलादाच्या उच्च प्रतीचा, म्हणजे डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेलाच, घ्यावा. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट लांबीला बसतो, पण त्याचे डोके बैठकीच्या भोकात खेळते. यू-बोल्ट नवेच घालावेत. ते चौकडीने, म्हणजे एकदा या कोपऱ्याचा आणि मग तिरक्या समोरच्या कोपऱ्याचा नट, असे थोडेथोडे आवळत न्यावे आणि शेवटची आवळणी टॉर्क पान्याने (आवळणीचा जोर मोजणाऱ्या पान्याने) गाडीच्या माहितीपुस्तिकेतील आकड्याप्रमाणे करावी. हाताच्या अंदाजाने आवळलेल्या चार नटांत दोन नेहमी कमी पडतात, हे आम्ही टॉर्क पाना लावून प्रत्यक्ष पाहिले.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. पक्क्या टोकाचे आणि शॅकलचे नट या टप्प्यावर केवळ हाताने बसतील इतपतच लावावेत. चाके बसवून गाडी घोड्यांवरून उतरवावी. दोघांनी पुढच्या आणि मागच्या बंपरवर भार देऊन ती पाच-सहा वेळा दाबावी, दोन-चार मीटर पुढे-मागे ढकलावी, म्हणजे पाटे आपल्या नैसर्गिक बाकावर येतात. त्यानंतर गाडी चाकांवर उभी असतानाच, खाली आडवे पडून, हे नट पूर्ण आवळावेत. जिप्सी पुरेशी उंच असल्यामुळे याला लिफ्टची गरज नाही. मेस्तांनी ते काम करताना मला शेजारी झोपवून टॉर्च धरायला लावली, आणि शॅकलची पट्टी रबराला दोन्ही बाजूंनी सारखी दाबत येते तो क्षण मी तिथे पाहिला.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळायचे आणि १००० किलोमीटरनंतर आणखी एकदा. आमचे पहिल्या वेळी चारही बाजूंचे मिळून सोळा नटांपैकी पाच नट थोडे फिरले, दुसऱ्या वेळी एकही फिरला नाही.

बुश कोणते आणि गंजाचे काय

पॉलियुरेथेनचे बुश घालावेत का, असे मला अनेकांनी विचारले. त्यांना तेलाचा फारसा त्रास होत नाही आणि ते टिकतातही जास्त, परंतु ते कडक असतात, त्यांना ठरावीक सिलिकॉन ग्रीस लागते आणि वेळोवेळी ते दिले नाही तर कुरकुरतात. जी गाडी मुख्यतः महामार्गावर धावते तिला ते चालतील. सड्यावर एक चाक वर आणि दुसरे खाली असे तिरके जाताना पाट्याला जो पीळ पडतो तो साधे रबर अधिक मायेने सोसते, म्हणून मी रबरच ठेवले आहेत.

जळक्या ऑइलची फवारणी मी बंद केली. चॅसी घासून तिला गंजरोधक रंगाचे दोन हात दिले आणि आतल्या पोकळ भागांत मेणयुक्त गंजरोधक सोडले. ज्यांना ऑइल मारणे सोडायचे नसेल त्यांनी निदान चारही पाट्यांच्या आठही टोकांना आणि शॉकअबच्या दोन्ही बुशांना फवारणीआधी प्लास्टिकची पिशवी बांधून वर टेप गुंडाळावी. सर्व्हिस स्टेशनवरची मुले हसतात, पण बांधू देतात. पावसाळ्यात कुळागरातून परतल्यावर शॅकलभोवतीची माती साध्या पाण्याने धुवावी, कारण वाळलेली जांभी माती पॉलिश कागदाइतकीच घासते. खाऱ्या पाण्याचा तर संबंधच टाळावा. किनाऱ्यावर गाडी नेण्यास गोव्यात बंदी आहे आणि ती योग्यच आहे.

दुरुस्तीनंतर एक पूर्ण पावसाळा गेला. ओळंब्याने पुन्हा मोजले असता दोन्ही बाजूंत दोन मिलिमीटरचा फरक आहे, दुरुस्तीच्या दिवशी होता तेवढाच. बुशांच्या कडा कोरड्या आणि टणक आहेत, अंगठा काळा होत नाही. प्रत्येक नटावरून त्याच्या बोल्टावर उतरणारी पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ आम्ही ओढून ठेवली आहे. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते, पाना लावावा लागत नाही. ऑक्टोबरमध्ये गाडी धुऊन सगळ्या रेघा पाहिल्या, तेव्हा मागच्या उजव्या यू-बोल्टाच्या एका नटावरची रेघ केसभर सरकलेली होती. तो नट आवळून जुनी रेघ पुसली आणि नवी ओढली.